सहाव्या पिशवीचे अठरा गुण

प्रिय हट्टीबाई,

तुझा निरोप मिळाला. तीन वर्षांनी पहिल्यांदा काही लिहिलंस आणि तेही काय, तर ‘गुण मागे घे, मला तुझी मेहेरबानी नको.’ तुझ्या बाबांनी तो मला वाचून दाखवला, चष्मा पुसला, परत वाचला आणि हळूच विचारलं, मग काय ठरवलंस? ठरवायचं काय त्यात? मागे घेणार नाही. स्पर्धेच्या अध्यक्षांना हेच सांगितलं, तुलाही हेच सांगते. परीक्षकाची खुर्ची गेली तर गेली, मला घरातही चार खुर्च्या आहेत. हे पत्र फाडायचं असेल तर इथेच फाड. पण मी तुला पुरती ओळखते, तू शेवटपर्यंत वाचणार.

काय झालं ते तुला तिखटमीठ लावून कळलं असणार, म्हणून आता माझ्याकडून ऐक. आमची वाइन चाखायची खोली तुला माहीत आहे. उत्तरेच्या खिडक्या, पांढरी चादर घातलेलं लांब टेबल, प्रत्येकापुढे ग्लास, पाणी, ब्रेडचे तुकडे आणि थुंकायला भांडं. लहान असताना त्या भांड्यावरून तू मला केवढं छळलं होतंस! माझी आई कामाला जाते आणि दिवसभर थुंकते, असं शाळेत बाईंना सांगून आली होतीस. तर बाटल्या नेहमीप्रमाणे काळ्या कापडी पिशव्यांत, तोंडाशी नाडी बांधलेल्या. आम्हाला सांगतात तो फक्त किमतीचा गट. नाव नाही, गाव नाही. ओळखीपाळखीच्या, नात्यागोत्याच्या माणसाची बाटली असेल तर ते आधी सांगायचं आणि ती वाइन ओतताना खोलीबाहेर जाऊन बसायचं, हा नियम. मी आजवर दोनदा बाहेर बसले आहे, तेही तुझ्या मामेसासऱ्यांच्या बागेमुळे. त्यांच्या वाइनसाठी खरं तर सगळ्यांनीच बाहेर बसायला हवं होतं.

पहिल्या दिवशी महागड्या बाटल्या. दूरदूरच्या नामांकित खोऱ्यांतल्या, एकेका बाटलीचं काचेचं वजनच एवढं की पिशवीतूनसुद्धा श्रीमंती कळावी. त्यातल्या एकीला मी वीसपैकी बारा दिले. आत होतं काय, तर लाकूड. नवं कपाट उघडून आत तोंड घातल्यासारखं. द्राक्षं बिचारी कुठे कोपऱ्यात बसली होती ती शोधून सापडेनात. आता सुतारकामाला गुण द्यायचे तर तसं सांगा, मी रंधा घेऊन येते! ती बाटली परदेशी वाइन आणून विकणाऱ्या आमच्या त्या आयातदाराची निघाली. नाव मोठं, लक्षण खोटं. तेव्हापासून त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आहेत, हे लक्षात ठेव, कारण पुढची सगळी बोंब त्याचीच आहे.

दुसऱ्या दिवशी स्वस्त गट. या दिवशी परीक्षक कसे वागतात ते तुला मी जेवताना कितीदा सांगितलं असेल. घड्याळ बघतात, पटापट घोट घेतात, तेरा, साडेतेरा, पुढची आणा. स्वस्त म्हटल्यावर जीभच आळशी होते. मीही काही संत नाही, पाचव्या पिशवीपर्यंत मलाही दुपारच्या जेवणाची आठवण येऊ लागली होती. मग सहावी आली. ग्लास नाकाशी नेला आणि मी पाय खुर्चीखाली ओढून सरळ बसले. फार काही थाटमाट नव्हता गं. लाल, जराशी फिकी. आंबटपणा चांगला ताठ, तुरटपणा जिभेला धरून पण टोचत नाही, आणि गिळल्यावर, हो, गिळली मी, थुंकली नाही, मागे कितीतरी वेळ ओल्या दगडासारखी गार चव राहिली. कुणाला खूश करायला केलेली नव्हती ती. ज्याला आवडेल त्याने प्यावी, नाही त्याने पाणी प्यावं. मी अठरा लिहिले. बाकीच्यांचे बारा-तेरा.

ज्याचा आकडा सगळ्यांपासून फार दूर असेल त्याने उठून कारण द्यायचं आणि मग सगळ्यांनी परत चाखायची, ही आमच्याकडची पद्धत. बहुतेक जण उठायच्या आधीच आकडा खाली आणतात, भांडण नको म्हणून. मी उठले. म्हटलं, किंमत विसरा आणि परत प्या. ही वाइन काल आली असती, त्या जाड काचेत, तर तुम्ही सगळे डोळे मिटून माना हलवत बसला असता. परीक्षकांतले प्राध्यापक हसले, हॉटेलवाला जरा रागावला, पण प्यायले. दुसऱ्या घोटाला हॉटेलवाल्यानेच आधी आपला आकडा खोडला. मग एकेक आकडा वर चढत गेला आणि ती वाइन दोन्ही दिवसांत मिळून पहिली आली. आयातदाराच्या कपाटाच्या वर. पिशवी काढली तर बागायतदारांच्या कुठल्याशा संघाचं साधं लेबल. टाळ्या वाजल्या. मी घरी येऊन तुझ्या बाबांना मोठ्या कौतुकाने सांगत बसले आणि ते मान खाली घालून भात कालवत राहिले. त्यांना माहीत होतं! गेल्या वर्षीपासून त्या संघाची वाइन तू करतेस हे त्यांना माहीत होतं आणि तू त्यांना शपथ घातली होतीस. तुम्ही बापलेक म्हणजे धन्य आहात.

आता बघ काय करून ठेवलंस. आईच्या नावावर बक्षीस मिळालं असं कुणी म्हणू नये म्हणून तू स्वतःचं नाव लपवून संघाच्या नावाने बाटली पाठवलीस. नाव दिसलं असतं तर मी मुकाट्याने बाहेर जाऊन बसले असते. ते दिसलं नाही म्हणून आज मी आरोपी. आयातदाराने संघात चौकशी करून तुझं नाव शोधून काढलं आणि आता सगळीकडे सांगत फिरतोय, आपला तो बाब्या. माझ्याबद्दल! तू हसली असशील ना ऐकून? आपल्या घरात बाब्याला कधी कुणी पाच गुण जास्त दिलेत? शाळेतल्या तुझ्या चित्रातल्या घोड्याला पाच पाय होते, तेही मी मोजून दाखवले होते.

अध्यक्षांनी मला खोलीत बोलावलं. इतक्या वर्षांचा माणूस, चहा मागवला, दार लावलं. म्हणाले, एक ओळ लिहून द्या की वास ओळखीचा वाटला, बोलायचं राहून गेलं. तुमचे गुण रद्द करू, वाइन खाली जाईल, प्रकरण मिटेल, तुमची खुर्ची तुम्हाला. म्हणजे खोटं मी लिहायचं आणि त्याबद्दल मला मानाने बसवून ठेवायचं. मी म्हटलं, वास ओळखीचा नव्हता. ते म्हणाले, पोटच्या मुलीची वाइन आहे. मी म्हटलं, असेल, पण मी तिची वाइन कधी चाखलेलीच नाही. त्यावर ते म्हणाले, ‘बाई, तुमच्यासारखीने मुलीची वाइन चाखलीच नाही, हे कोण मानणार?’

खरंच कोण मानणार? ज्या बाईकडे लोक लांबलांबून बाटल्या घेऊन येतात, चाखा म्हणून हात जोडतात, तिच्या घरात मुलीची एक बाटली नाही. तीन वर्षांपूर्वी तू वाइन करायला शिकून आलीस तेव्हा मोरीत बादलीभर वाइन केली होतीस आणि पाहुण्यांसमोर मी तिला अकरा दिले होते. नेलपॉलिशचा वास येत होता तिला. आजही अकराच देईन, आणि त्यातला एक मेहनतीचा. तू ग्लास मोरीत ओतलास आणि म्हणालीस, ‘आई, माझी वाइन तुझ्या जिभेला पुन्हा कधी लागणार नाही.’ शब्दाची पक्की निघालीस. दर वर्षी वाटायचं, या वर्षी तरी पाठवेल. बाबांच्या वाढदिवसाला पाठवेल. घराला रंग दिला तेव्हा खालच्या कपाटात एक आडवी फळी मी मुद्दाम रिकामी ठेवली, तिथे आता जुनी वर्तमानपत्रं आहेत. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि परवा चहाच्या कपावरून त्या माणसाला सांगावं लागलं.

आता शुक्रवारी चौकशीला स्पर्धेची समिती बसेल आणि तुला बोलावतील. विचारायला त्यांच्याकडे एकच प्रश्न आहे, आईने याआधी तुमची वाइन चाखली होती का? तू म्हणे लिहून देणार आहेस की संघ बाटली मागे घेतो. खबरदार! त्या वाइनला मी उभी राहून भांडले आहे. तू मागे घेतलीस तर मी खोटी ठरेन आणि ती वाइनही. तिथे जा आणि जे आहे ते मोठ्याने सांग. नाही म्हणावं, आईला मी कधी एक घोटसुद्धा दिला नाही. लोक तोंडाकडे बघतील. बघू देत. दोघींची जी काही लाज निघायची ती एकदाच निघू दे.

आणि आता मुद्द्याचं. त्या दिवशी पिशवी काढायच्या आधी मी अध्यक्षांना बाजूला घेऊन विचारलं होतं, ही सहावी कुणी केली आहे? निकाल लागला की मला त्या माणसाला भेटायचंय, माझ्या खर्चाने जाईन. इतक्या वर्षांत मी असं कुणाबद्दल विचारलं नव्हतं, ते हसले होते. तर शनिवारी सकाळच्या बसने मी येतेय. शुक्रवारी निकाल काहीही लागो, खुर्ची राहो न राहो. बाबांनी पत्ता दिला आहे, आता त्यांच्यावर चिडू नकोस, मी त्यांना जेवायला वाढत नव्हते. मुलीकडे यायला मला बोलावणं लागेल हे मला ठाऊक आहे, ते तू दिलेलं नाहीस आणि मी मागणारही नाही. मी सहाव्या पिशवीतली वाइन करणाऱ्या बाईला भेटायला येतेय. ती असेल तर दार उघडायला सांग.

तुझीच,
आई