खिडकीबाहेरची पेटी

मुळशी, १९ एप्रिल १९६४

चि. जयसिंग यास कोंडिबाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तू शेठच्या बंगल्यात बसवलेली गार हवेची पेटी खुशाल नाही, म्हणून पत्र. खिडकीबाहेर तिला पेलणाऱ्या लोखंडी घोडीचे बोल्ट भिंतीत ढिले झालेत. तळ्यावरून वारं सुटलं की पेटी वरातीतल्या घोड्यासारखी नाचते. शेठ मेच्या अखेरीस मुंबईहून येणार. मी पडलो राखणदार. मला भाकरी गार करता येते, हवा नाही. उपाय कळव.

घरात मी आणि आई. कंबर मोडल्यापासून तिची खाट ओसरीवरच आहे. उठवत नाही, पण तोंड चालू आहे. वळवाच्या आधी ओसरीच्या पत्र्यावरचे दगड सारखे करून तार आवळायची आहे. ते दोघांचं काम. दोन दिवस ये.

लोभ पत्रातून पोचतो. हात पोचत नाहीत, ते घेऊन ये.

कोंडिबा


मुंबई, २ मे १९६४

ती. दादास जयसिंगचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दादा, चूक माझी आहे. त्या भिंतीला लांब बोल्ट हवे होते, मी हाताशी होते तेच ठोकून मोकळा झालो. पेटी पडली तर माझी नोकरी गेलीच समज. साहेब सुटी देत नाही. रविवारी, दहा तारखेला, लांब बोल्ट आणि नवी तार घेऊन येतो.

तोवर आपल्या पत्र्यावरची जाड तार काढ आणि पेटी घोडीसकट खिडकीच्या गजांना आवळ. आठ दिवसांचा तर प्रश्न. पत्र्यावर दगड आहेतच. आईला म्हणावं, येताना खारे दाणे आणतो.

तिला नमस्कार. रागावलास तरी लोभ सोडू नकोस.

जयसिंग


मुळशी, ६ मे १९६४

चि. जयसिंग यास आशीर्वाद.

तार काढली, पेटी बांधली. आता हलत नाही. माझं मन होत नव्हतं, पण आईच म्हणाली की न्हे तार, मी काय उडून चाललीया व्हय, पोराची नोकरी जाईल. वारं सुटलं तर पेटीपाशी जाऊन थांब, असंही तिनंच बजावलं. दाणे नकोत म्हणते, दात उरले नाहीत. तूच ये.

रविवारी वाट बघतो. लोभ आहेच.

कोंडिबा


मुंबई, २४ मे १९६४

ती. दादास जयसिंगचा शि. सा. न.

तेराव्याचं उरकून काल पोचलो. काम सुचत नाही.

तार घेऊन पौडला उतरलो, तर स्टँडवर आपल्या गावचा बहिरू उभा. शुक्रवारी दुपारी वळीव आला, दादा बंगल्यावर पेटी धरून उभा होता, इकडे ओसरीचा पत्रा उलटला आणि वरचे दगड खाटेवर आले, एवढं त्याने सांगितलं. बाकी मी विचारलं नाही. शेजारच्या तुळजाबाई पोचेपर्यंत आई गेली होती.

दादा, तेरा दिवस आपण एका घरात होतो. तू मला एका शब्दाने बोलला नाहीस. बंगल्यावर नेऊन नवे बोल्ट ठोकून घेतलेस, खाली शिडी धरलीस, तेव्हाही नाही. तार काढायला मी सांगितलं. मला शिव्या घाल, पण पत्र लिही.

लोभ मागायला तोंड नाही.

जयसिंग


मुळशी, १ जून १९६४

चि. जयसिंग यास दादाचे आशीर्वाद.

शिव्या कुठल्या तोंडाने घालू? सांगितलंस तू, काढली मी. वारं सुटल्यावर घराकडे पळायचं सोडून मी पेटीला मिठी मारून उभा राहिलो. जेवत जा. सुटी मिळेल तेव्हा ये. मला आता तुझ्याशिवाय कोण आहे?

काल शेठ आले. त्यांची गाडी दिसली तसा मी धावत जाऊन पेटीचं बटण दाबायला हात घातला. शेठ म्हणाले की राहू दे, इथला वारा किती छान आहे, सगळ्या खिडक्या उघड.

मी उघडल्या.

तुझा दादा,
कोंडिबा