माणिकबाईंच्या नावाने आलेल्या चिठ्ठ्यांबाबत

मी, रामराव सखाराम गावंडे, वय वर्षे त्र्याहत्तर, सेवानिवृत्त ग्रामसेवक, मूळ गाव हिवरखेड, हल्ली मुक्काम जठारपेठ, अकोला, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे तर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीत दोनदा कळ येऊन गेली असली तरी डोके ठिकाणावर आहे. पत्नी मनकर्णा हिचे म्हणणे असे की ते ठिकाणावर कधी नव्हतेच. तो तिचा वेगळा दावा समजावा. यापूर्वी मी असा कोणताही कागद केलेला नाही.

१. राहते घर पत्नी हयात असेतो तिचे, त्यानंतर चिरंजीव नितेशचे. त्याला पुण्याहून परत यायचे नसेल तर त्याने ते खुशाल विकावे. फक्त पुढच्या खोलीतला फोटो घराबरोबर जाऊ देऊ नये. अमरावतीच्या रंगमंचावरचा आहे. मी पेटीवर बसलो आहे, मागे माणिकबाई टाळ घेऊन उभ्या आहेत. घरी येणारा प्रत्येक माणूस चहाचा कप हातात घेतो आणि विचारतो, "ह्याच का त्या माणिकबाई?" पेटीवरचा कोण, हे अकरा वर्षांत कोणी विचारले नाही. तरी फोटो ठेवला, कारण माझा चेहरा त्यात चांगला आला आहे.

२. हिवरखेडचे तीन एकर शेत नितेशचे. बांधावरून चुलतभावाशी वाद आहे. तो वादही त्याच्याकडेच जाईल.

३. बाजाची पेटी सून आकांक्षा हिला. ती शिकते आहे, बोटे बरी आहेत. माणिकबाईंना पेटी देऊ नये. त्यांना सूर धरायला पेटी कधी लागलीच नाही. मला लागते. 

४. तीनशेवर कॅसेटी आणि चौदा वह्या येथील रेडिओ केंद्राला. नोकरीत असताना गावोगावी फिरलो, ग्रामसभा उरकली की म्हाताऱ्या बायांना ओट्यावर बसवून जुनी गाणी उतरवून घेतली. जात्यावरची, हळदीची, पेरणीची, भुलाबाईची, दंडारीच्या खेळातली. निवृत्त झाल्यावर केंद्रावर 'शिवारगाणी' सुरू केले. दर गुरुवारी एक विषय. एका गुरुवारी फक्त मोटेवरची गाणी, दुसऱ्या गुरुवारी फक्त सासरी निघालेल्या लेकीची. कल्पना माझी, विषय माझे, निवेदन माझे. केंद्रप्रमुख शेखर यांनी हे कुठेतरी लिहून ठेवावे.

५. आता माणिकबाई नामदेव उंबरकार यांच्याविषयी. राहणार बार्शीटाकळी, धंदा भाजी पिकवणे व अकोल्याच्या बाजारात विकणे. त्यांना केंद्रावर मीच आणले, म्हणजे माझ्या पायावर धोंडा मीच पाडून घेतला. मेथीच्या जुड्या बांधता बांधता त्या काहीतरी गुणगुणत होत्या. मी भाजी घ्यायला वाकलो होतो, तसाच राहिलो. गाणे माझ्या वहीत होते, पण असे नव्हते. मला झीलकरी हवाच होता. आमच्या गाण्यात पुढचा ओळ टाकतो आणि मागचा ती शेवटी उचलून धरतो, त्याला झील धरणे म्हणतात. मी पुढे, त्या एक हात मागे. माईकही एकच. तो माझ्या तोंडाशी.

तरी लोकांना त्यांचाच आवाज ऐकू येई. दुसऱ्या महिन्यापासून चिठ्ठ्या येऊ लागल्या. श्रोत्यांच्या चिठ्ठ्या कार्यक्रमात वाचून दाखवण्याची माझी पद्धत होती. "माणिकबाईंनी हळदीचं गाणं म्हटलं आणि माझी माय आठवली." "माणिकबाई, तुमी म्हनता तं आमी निंदन थांबवतो." दहापैकी नऊ चिठ्ठ्या अशा. माणिकबाईंना वाचता येत नाही. त्या माझ्या शेजारी टाळ मांडीवर ठेवून ऐकत बसत आणि मी, माईक चालू असताना, जिथे 'माणिकबाई' लिहिले असेल तिथे 'रामराव आणि मंडळी' असे वाचत असे. पहिल्यांदा जीभ अडखळली. पुढे सवय झाली. मंडळी म्हणजे त्या एकट्याच.

अशा दोनशे अकरा चिठ्ठ्या माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. किल्ली देवघरात समईच्या मागे.

मनकर्णाला ट्रंक ठाऊक होती. लोक तिच्याजवळ वेगळेच कुजबुजत. ती एकदा मला म्हणाली, "दुसऱ्या बाईवर जीव असता तं मले समजलं असतं. तुमचं तं तिच्या गयावर जयनं हाय. याले काय औषध करू मी?" दुसऱ्याच्या गळ्यावर जळण्याला औषध नव्हतेच.

६. ट्रंकेच्या तळाशी एक लांब पाकीट आहे, त्याचा उल्लेख वेगळा करणे भाग आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये अमरावतीला आमचा कार्यक्रम झाला. पेरणीच्या गाण्यात तिसऱ्या कडव्याला मी ओळच विसरलो. वही पुढ्यात होती, पण घामाने चष्म्यावर धुके आले होते. माणिकबाई एक पाऊल पुढे आल्या, माझी ओळ त्यांनी उचलली, पूर्ण केली, आणि पुन्हा मागे गेल्या. मला वाचवण्यासाठीच केले, हे मला तेव्हाही कळत होते. सभागृह उभे राहिले. "बाईंना पुढे येऊ द्या!" असे कोणीतरी ओरडले. मी पेटीचा भाता मारत राहिलो.

पंधरा दिवसांनी तिथल्या एका महिला मंडळाचे पत्र माणिकबाईंच्या नावे केंद्रावर आले. त्यांनी एकटीने गावे, दोन तास, संपूर्ण संध्याकाळ त्यांची. हे पत्र मी कार्यक्रमात वाचले नाही. नाव बदलून वाचण्यासारखे ते नव्हते. मी त्याच दिवशी उत्तर टाकले की बाईंचा गळा बसला आहे, डॉक्टरांनी गाणे बंद केले आहे. पुढच्या गुरुवारी त्या अशा गायल्या की काचेपलीकडे ध्वनिमुद्रणाला बसलेली प्रतीक्षा यंत्र सोडून उभी राहिली. आमचे केंद्र अमरावतीपर्यंत ऐकू येत नाही, याचा त्या दिवशी मला आनंद झाला. मंडळाने पुन्हा विचारले नाही. माणिकबाई आज अडुसष्ट वर्षांच्या आहेत, आणि आता त्यांचा गळा खरोखरच लवकर दमतो.

७. गेल्या महिन्यात मी दवाखान्यातून घरी आलो तेव्हा त्या मेथी घेऊन भेटायला आल्या. कमजोरीने माझी जीभ सैल झाली असावी. चिठ्ठ्यांविषयी सांगायला मी तोंड उघडले, तर त्याच म्हणाल्या, "नाव बदलून वाचत होते तुमी. मालूम हाय मले, भाऊ. लोकं भाजी घेता घेता सांगत, बाई, तुले चिठ्ठी लिवली होती."

"मंग बोलली काहून नाही?" मी विचारले. मीही तेव्हा वऱ्हाडीवर आलो.

"बोलली असती तं तुमी वाचनंच बंद केलं असतं. मले आयकाची होती ना चिठ्ठी."

मेथी निवडून देऊन त्या गेल्या. अमरावतीच्या पत्राचे मात्र त्यांना ठाऊक नाही, कारण ते पत्र लिहिणाऱ्यांपैकी कोणी त्यांच्याकडे भाजी घेत नाही. ते सांगायची माझी छाती त्या दिवशी झाली नाही.

सबब, सर्व चिठ्ठ्या व ते पाकीट माणिकबाईंच्या मालकीचे आहे, होतेच. माझ्या मृत्यूनंतर शेखर यांनी त्या चिठ्ठ्या व हे मृत्युपत्र केंद्रावर, माणिकबाईंना शेजारी बसवून, माईक चालू ठेवून वाचावे. जिथे जे नाव लिहिले आहे तिथे तेच वाचावे. 'शिवारगाणी'चे पुढचे स्थानही माणिकबाईंचे. ~~अट: पेरणीचे गाणे त्यांनी म्हणू नये, ते माझे आहे.~~ ही अट मी खोडली आहे, बाजूला सही आहे. खोडताना दोन वेळा विचार केला.

८. सहीपूर्वीची दुरुस्ती. वरील मजकूर मी आज सकाळी पत्नीला वाचून दाखवला. तिने पोह्यांची ताटली खाली ठेवली आणि विचारले, "मेल्यावर सांगसान तं तिनं भांडाव कोनासंग?"

मी म्हटले, माझ्या फोटोशी भांडेल.

"फोटो जवाब देते काय?"

फोटो उत्तर देत नाही. म्हणून कलम सातमधील 'माझ्या मृत्यूनंतर शेखर यांनी' हे चार शब्द रद्द करून त्या जागी 'येत्या गुरुवारी मी स्वतः' असे वाचावे. पाकीट सर्वांत आधी वाचले जाईल. त्यानंतरही माणिकबाई झील धरायला उभ्या राहिल्या, तर मी त्यांना पुढे उभे करीन आणि झील मी धरीन. नाही राहिल्या, तर मी एकटा गाईन, आणि त्यांच्याशिवाय मी कसा गातो ते लोकांना एकदाचे कळेल.

वरील सर्व मजकूर व खाडाखोड मला मान्य आहे.

(सही) रामराव सखाराम गावंडे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर ही सही झाली:
१. (सही) ओमप्रकाश वासुदेव तायडे, शेजारी
२. (सही) प्रतीक्षा दिगंबर काळे, ध्वनिमुद्रण सहायक

माणिकबाईंची साक्ष घेता आली नाही, कारण ज्याला काही मिळायचे त्याची साक्ष चालत नाही.

ठिकाण: अकोला
मंगळवार, दि. १८ नोव्हेंबर २०२५