पोच

१२ मार्च, गुरुवार

प्रिय दादा,

तू बरा असशील असं धरून चालते. नंबर बदललास, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून तुझ्या मित्राकडून हा पत्ता मिळवला. आधीची दोन्ही पत्रंही इथेच पाठवली होती.

मला नोकरी लागली. तुझ्याच लाइनीत, नेटवर्कमध्ये. पहिल्याच दिवशी साहेबांनी नेटवर्कच्या नियमांचं जाडजूड स्पेसिफिकेशन हातात ठेवलं. मी शहाणी, पहिल्या पानापासून सुरू झाले. खुणा केल्या, निम्मं पाठही झालं. मग एका शाखेची लाइन अडखळायला लागली. साहेबांनी विचारलं, "डेटाचं एकच पॅकेट पुन्हा पुन्हा का जातंय?" मला पान नंबर सांगता आला, कारण नाही. ते म्हणाले, "अहो, हे समजलेल्या माणसांनी वाचायचं असतं. आधी समजून तर घ्या."

तेव्हा तू आठवलास. माझ्या नेटवर्कच्या परीक्षेच्या वेळी तू पुस्तक हिसकावून घेतलंस, मला आतल्या खोलीत बसवलंस, स्वतः बाहेर बसलास आणि चिठ्ठ्या न्यायला मध्ये बाबांना उभं केलंस. ते अधूनमधून एखादी चिठ्ठी खिशात घालून साळसूदपणे उभे राहायचे. "मी बेभरवशाची लाइन आहे, मला काय विचारता?" चिठ्ठी मिळाल्याची पोच आली नाही तर थांबायचं आणि तीच पुन्हा पाठवायची. तरीही नाही आली, तर आणखी जास्त थांबून पुन्हा. आई कागदांच्या कचऱ्यावरून ओरडत होती. पुस्तक मग एका बैठकीत समजलं होतं.

बाबांचा रिपोर्ट आलाय. तोही मी आधी तसाच वाचला, बसस्टॉपवर उभी राहून, एकेक शब्द मोबाइलवर शोधत. काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाठकोऱ्या कागदावर फुप्फुसाचं चित्र काढलं आणि पेनाने एवढा मोठा भाग काळा केला. त्यानंतर रिपोर्ट वाचायची गरज उरली नाही. "महिना, फार तर दोन," म्हणाले.

मला रडू आलं नाही. येताना भाजी घेतली, सुट्ट्या पैशांवरून वादही घातला. ऑफिसला जाते, जेवते, झोपही लागते. आई सारखी माझ्या तोंडाकडे बघते. मला काही वाटतच नाहीये, दादा, आणि त्याचीही भीती वाटत नाही.

तू नोकरी सोडलीस तेव्हा "पुन्हा तोंड दाखवू नकोस" असं बाबा म्हणाले होते. त्याबद्दल ते अजूनही अवाक्षर काढत नाहीत. काल मी त्यांची उशी नीट करत होते तर म्हणाले,

"त्याला लिहिलंस?"

"लिहिलं होतं. पोच नाही."

त्यांना आता बोलतानाही धाप लागते.

"वाटेत पडली असेल. पुन्हा पाठव."

म्हणून हे पत्र. नियमाने या वेळी मी मागच्यापेक्षा जास्त थांबायला हवं. तेवढे दिवस आता नाहीत.

तू यावंस असं मला वाटतं. पण ते तुझं तू ठरव. रागाने लिही, दोनच शब्द लिही, कोरा कागद पाठवलास तरी चालेल. मी तो बाबांच्या हातात देईन.

त्यांनी या वेळी खिशात काही ठेवलेलं नाही.

पलीकडच्या खोलीतली,
तुझी छोटी