कप्पी काढण्याआधी बाहेरून जिना बांधू द्यावा

सातारा,
दि. ११ फेब्रुवारी १९७४

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपालिका कार्यालय, जि. सांगली

विषय : जुन्या पाण्याच्या टाकीवरील कप्पी, जिना पुरा होईपर्यंत राहू देण्याबाबत
संदर्भ : आपली नोटीस, दि. २८ जानेवारी १९७४

महोदय,

वरील नोटीस माझे वडील विष्णुपंत ताम्हनकर, बुकबाइंडर, यांच्या नावे आली आहे. ते गेल्या महिन्यात वारले. म्हणून उत्तर मी, त्यांची मुलगी, देत आहे.

१. टाकी बंद पडल्यावर वडिलांनी ती नगरपालिकेकडून भाड्याने घेतली आणि रीतसर परवानगीने तिचे घर केले. दगडी बुरुजाच्या मधल्या मजल्यावर बिऱ्हाड आणि वर, जिथे पूर्वी पाणी साठे तिथे, खिडक्या पाडून बांधणीचा कारखाना. कागदाला ओल लागू नये म्हणून. भिंती गोल, तर कपाटेही त्यांनी गोलाईत करून घेतली. आतला लोखंडी चक्री जिना एका माणसापुरता आहे. कागदाचे गठ्ठे आणि कटिंग मशीन चढवण्यासाठी त्यांनी बाहेरून कप्पी बसवली. वर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचा त्यांनी विचार केला होता. खाली आणाव्या लागणाऱ्या माणसाचा कोणीच केला नाही; मीही नाही.

२. वडील वर, काम करतानाच गेले. जिन्याच्या पहिल्याच वळणावर चौघे अडकले आणि परत फिरले. तेव्हा कप्पीचा दोर वर्षानुवर्षे ओढणारा हमाल धुळा म्हणाला, "ताई, कागदाचा गठ्ठा कवा आपटू दिला न्हाई, पंतांना देईन व्हय?" त्याने शब्द पाळला. पण तो बाजाराचा दिवस होता. समोरच्या हॉटेलातली माणसे कपबशा हातात घेऊन बाहेर आली. दोराला पीळ होता. वडील अधांतरी हळूहळू गरगरत खाली आले आणि गर्दीत कोणीतरी हसले. मी खाली उभी होते. वडिलांकडे न पाहता मी जमिनीकडे पाहिले. यांची मुलगी ती हीच, हे कोणाला कळू नये असे मला त्या वेळी वाटले.

हा मजकूर अर्जात शोभत नाही, हे मला समजते. आपल्या नोटिशीत कप्पीला धोकादायक म्हटले आहे. ती नजरेसमोरून जावी, ही माझी इच्छा आपल्यापेक्षा कमी नाही, एवढेच सांगायचे होते.

३. तरीही ती राहू द्यावी, अशी विनंती आहे. माझी आई, मनुबाई, वरच आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले आहेत. जिन्याच्या पायऱ्या तिला दिसत नाहीत. मिरजेला ऑपरेशन ठरले आहे, पण त्यासाठी आधी खाली यावे लागेल. खुर्ची बांधून अलगद उतरवतो, असे धुळाने सुचवले. आई एवढेच म्हणाली, "जिवंतपणी मी त्या दोराला हात लावायची नाही." मी आग्रह केला नाही. मला करवला नसता.

४. तरी टाकीला बाहेरून, दोघांनी दोन्हीकडून हात धरून तिला उतरवता येईल एवढा रुंद जिना बांधण्यास परवानगी मिळावी. खर्च आम्ही करू. तोवर कप्पी हवी, याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, ज्या टाकीतून एकेकाळी गावाला पाणी जाई, तिथे आज आईचे पिण्याचे पाणी कळशीने त्याच दोरावरून चढते.

दुसरे कारण लिहिताना लाज वाटते. जिना होण्याआधी आईचे काही बरेवाईट झाले, तर तिला खाली आणायला दुसरी वाट नाही.

म्हणून कप्पी राहू द्यावी. आणि तिची वेळ येऊ नये म्हणून जिन्याची परवानगी लवकर द्यावी.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
सौ. चारुशीला वामन बोडस

सोबत : नोटिशीची प्रत, जिन्याचा नकाशा, डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी