वाऱ्याचं नाव

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसच, म्हणून बिनधास्त लिहिते. अक्षर वाकडं आहे. चौथीत जेवढं वळलं तेवढंच.

तुझी नात इथंच नांदेडात कॉलेजला जाते. तिला इंग्रजीची एक कादंबरी लावली आहे. मी मेसच्या पोरांसाठी भाकरी थापते आणि ती परातीजवळ बसून मला ती गोष्ट मराठीत सांगते. पुढच्या काळातलं एक शहर आहे. अख्ख्या शहरावर काचेचं झाकण, आत वारं म्हणून नाही. बाहेरचं वारं विषारी आहे असं तिथल्या सरकारनं सांगून ठेवलंय. त्याचं नुसतं नाव घेतलं तरी माणसाला तळघरात कामाला धाडतात. एक चौदा वर्षांची पोर काचेच्या फटीपाशी उभी असते, आणि कुणी हात न लावता तिचे केस हलतात. ती मास्तरणीला विचारते, हे काय होतं?

मी म्हणलं, "पंखे हायत का तिथं?"

"मम्मी, ते महत्त्वाचं नाही."

"कसं न्हाई? घाम कशानं वाळतो? ज्वारी कशावर उपणतात?"

"कुणी उपणत नाही. गोळ्या खातात."

"मग मरू दे त्यांना," म्हणलं. पण दुसऱ्या दिवशी मीच म्हणलं, पुढं सांग.

पेपरात येणार आहे म्हणे, वारा कशाचं प्रतीक आहे. प्रतीक म्हणजे एक वस्तू दाखवायची आणि तिच्याआडून दुसरंच सांगायचं. मी म्हणलं, सरळ सांगायला काय धाड भरली? पोरगी हसली. "सरळ सांगितलं तर पुस्तक दोन पानांत संपेल. गाइडात दिलंय, वारा म्हणजे स्वातंत्र्य." मला ते काही पटलं नाही. आणि त्या पोरीला का धाडलं तळघरात, असं विचारलं तर म्हणते, "प्रश्न विचारला म्हणून."

माझा हात पिठातच राहिला, माय.

मी चौथीत आहे. दुसऱ्याच्या खळ्यावर तू तिवईवर उभी आहेस, डोक्याला फडकं बांधून. मी खालून सुपं भरून देते. दाणे तुझ्या पायाशी पडतात, भुसा लांब उडतो. खळ्यावर वाऱ्याचं नाव काढायचं नाही हा तुझा नेम. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत तसं. "आला", "पडला", "फिरला", एवढंच म्हणायचं. आणि मी मान वर करून विचारते, "माय, वारं कुठून येतं गं?"

वारं पडलं. भुसा सरळ दाण्यांवर आला. तू खाली उतरलीस आणि थोबाडीत दिलीस. "शाळंनं तोंड वाढवलं व्हय तुझं!" त्या दिवशी वारं आलंच नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तू माझं दप्तर खुंटीला अडकवलंस आणि मला खुरपायला घेऊन गेलीस. त्या खुंटीवरून ते मी पुन्हा काढलं नाही.

इतकी वर्षं मला हेच कळलं नाही. त्या एका प्रश्नापायी माझी शाळा गेली, की तू आधीच ठरवलं होतंस आणि वारं नुसतं निमित्त झालं? तू होतीस तेव्हा विचारायला हवं होतं. पण तू थोबाडीत दिलीस तेव्हापासून तुला काही विचारायची सवयच मोडली.

गोष्टीच्या शेवटी काच फुटते, वारं आत येतं. आणि लोक नाचत नाहीत, दारं धरून बसतात. सरकारचे कागद रस्त्यावर उडतात. पोरगी म्हणाली, "स्वातंत्र्य आलं तर भ्यायचं कशाला? हे काही जुळत नाहीये."

मी म्हणलं, "वारं काय कुणाला सोडवायला येतं व्हय? ते निवडायला येतं. जड असंल ते खाली राहतं, हलकं असंल ते जातं. ज्याच्या घरात भुसा, त्यालाच भ्या."

तिनं वही काढली. म्हणाली, "परत सांग. हळू सांग." माझं बोलणं कुणी उतरवून घ्यावं, असं आजवर झालं नव्हतं. मी परत सांगितलं, चिडचिड करतच सांगितलं. लिहून झाल्यावर तिनं विचारलं, "मम्मी, तू शाळा का सोडलीस गं?"

"भाकर करपून राहिली, सरक तिकडं," म्हणलं.

तिला सांगितलं नाही ते तुला सांगते. तुझा नेम मला पाठ होता. नाव चुकून तोंडातून गेलं नव्हतं. नाव घेतलं की खरंच थांबतं का, ते मला बघायचं होतं. आणि थांबलं तेव्हा मला आधी लई आनंद झाला, माय. गाल नंतर दुखला.