पंचमीचा झोका

मिरजगाव, २२ जुलै १९७३

चि. सौ. छबूस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र शेजारच्या मास्तरीणबाई लिहितात. अक्षर आवडलं तर त्यांचं, बोचलं तर माझं.

पंचमी आली. लिंबाला झोका बांधून घेतलाय. लग्नानंतरची पहिली पंचमी माहेरी असते, हे तुझ्या सासूबाईंना मी काय सांगायचं! माझं माहेर तर भाऊ वारला तेव्हाच मिटलं. आसाराम गारुडी दर पंचमीला दारात नाग आणतो, त्या नागालाच भाऊ म्हणून लाह्या वाहते. यंदा त्याचंही खरं न्हाई. जंगलखात्याचा माणूस बाजारात सांगून गेला, नवा कायदा झालाय, साप धरायचा न्हाई, सणालाही न्हाई. सरकारनं नागाला सुटी दिली, मग तुझ्या सासूबाईंना काय जड आहे?

रस्त्याकडं डोळे लावून बसलेली,
गोजराआजी

कोपरगाव, २८ जुलै १९७३

ती. आजीस छबूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र इथं सगळ्यांसमोर वाचलं गेलं. नागाच्या सुटीवर सासूबाई खूप हसल्या. मग म्हणाल्या, दोन्ही नणंदा माहेरी यायच्यात, दिंडं कोण उकडणार? मी पुरणाची डाळ निवडायला घेतली. दिवाळीला नक्की पाठवतील. तू एकटी झोक्यावर चढू नकोस.

रागावलीस तरी माया आटवू नकोस.
तुझी छबू

मिरजगाव, ५ ऑगस्ट १९७३

चि. सौ. छबूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

राग न्हाई. त्यांना त्यांच्या लेकी हव्यात. मीही तेच मागत होते.

पंचमीला आसाराम आला, रिकामी टोपली घेऊन. नाग माळावर सोडून दिला म्हणाला. गावात कुणी त्याला दारात उभं केलं नव्हतं. नाग नाही तर गारुड्याचं काय काम? मी म्हटलं, भाऊ नाही तर भावाचं घर तरी आलं, टेक. टोपलीला हळदकुंकू लावलं, लाह्या वाहिल्या. तुझ्या वाटची दिंडं त्याला वाढली. जेवून त्यानं सवयीनं पुंगी काढली अन् तशीच हातात धरून बसला. डोलायला कुणी न्हाई म्हणाला.

मग काय करते, झोक्यावर बसले. त्यानं वाजवली, मी डोलले. मास्तरीणबाई बघून लई हसल्या. मागनं पदर डोळ्याला लावला, तेही लिहा म्हटलं.

झोका सोडला न्हाई. दिवाळीपर्यंत दोर पावसात कुजला तर नवा बांधीन.

लोभ कागदावर पुष्कळ झाला. आता तू ये.
गोजराआजी