मागच्या चाकाची हवा

४ फेब्रुवारी, रविवार

झालं एकदाचं! सायकलचं मागचं चाक ट्यूबलेस केलं. रिमवर टेप ताणून चिकटवली, व्हॉल्व्ह बसवला, भोकं आपोआप बुजवणारं ते दुधासारखं सीलंट आत ओतलं. पण टायर काही केल्या रिमला धरेना! पंप मारून हात मोडले, हवा आपली फुसफुस बाहेर. शेवटी चाक खांद्यावर टाकून कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे. त्याने कॉम्प्रेसरची नळी लावली आणि फट्! फट्! दोन्ही कडा बसल्या. "ताई, साधी ट्यूब टाकली असती तर सुखात असता," म्हणाला वर. फुकटचा सल्ला.

आमचे साहेब दुपारी दारात उभे होते. मी टेपला व्हॉल्व्हसाठी भोक पाडत होते, तर बोललेच — "अगं, लहान पाड. मोठ्याने टेप फाटेल." आठवडाभराच्या अबोल्यानंतर पहिलं वाक्य हे! बदलीला होकार देताना नवऱ्याने बायकोला विचारायचं नाही, आणि बायकोने भोक पाडताना नवऱ्याला विचारायचं? हातात होता तोच जाडा स्क्रूड्रायव्हर घातला भसकन.

५ फेब्रुवारी

चाक बसलं!! सकाळी अंगठ्याने दाबलं तर पार मऊ. दवाखान्यात उशीर, पहिला पेशंट तोंड फुगवून बसलेला.

७ फेब्रुवारी

साबणाचं पाणी लावून पाहिलं. व्हॉल्व्हच्या बुडाशी बारीक बुडबुडे. नट आवळला. चाक बादलीवर आडवं ठेवलं, मग उलटं, सीलंट तिथवर पोचावं म्हणून. लादीवर पांढरे डाग पडले, ते घासत बसले. सायकलवाला म्हणतो, "चालवत राहा, बुजेल आपोआप." कधी? मी म्हातारी झाल्यावर?

नणंदेचा फोन. "वहिनी, एवढी चांगली बढती आहे त्याची. उगाच ताणू नकोस." ताणू नकोस म्हणे! इथली नोकरी, इथलं घर मी सोडायचं, आणि मला कळणार कधी? तर सही करून आल्यावर! "जाऊया का गं?" एवढं विचारलं असतं तर कदाचित हो म्हटलं असतं. कदाचित काय, म्हटलंच असतं. आता नाही. जा म्हणावं एकटा.

१० फेब्रुवारी

चाक टणक! बुजलं! मोठं भोक, मोठं भोक — काय झालं त्याने?

१३ फेब्रुवारी

पंप पुन्हा दाराआड. त्याची जागा कपाटाखाली, शंभरदा सांगून झालंय. या घरात एक वस्तू जागेवर राहील तर शपथ!

१७ फेब्रुवारी

साहेबांचा खांदा धरलाय. जुनंच दुखणं, पुन्हा उपटलंय. शर्ट चढवताना "आई गं!" — मला ऐकू जाईल इतपत. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदेच सोडवते मी, पोट त्याच्यावरच चालतं. पण घरी येऊन आपणहून कुणाचा खांदा धरणार नाही. तोंड उघड, "बघ जरा" म्हण, मग बघू. म्हणाला नाही. मीही हलले नाही.

रागाने नीट जेवण गेलं नाही. त्यालाही गेलं नाही. बरं झालं.

२१ फेब्रुवारी

चाक अजून दगडासारखं. नणंदेला फोनवर मुद्दाम मोठ्याने सांगितलं, "तुझ्या भावाला कळव, माझं काम पक्कं असतं. कुणाच्या अकलेवाचून माझं चाक अडत नाही." तो शेजारच्या खोलीत पेपर वाचत होता. हसल्यासारखा आवाज आला. हसतोय काय!

२५ फेब्रुवारी, रविवार

गेला. संध्याकाळच्या गाडीने. डाव्या हातात बॅग. उजवा उचलवतच नव्हता.

दारात म्हणाला, "येणार नाहीस ना?"

म्हटलं, "विचारतोयस की सांगतोयस?"

पायात चपला सरकवल्या. मग म्हणाला, "निघताना चाकाची हवा बघत जा." अरे, तीन आठवड्यांनी, तेही जाताना, बोलायला हेच सापडलं? धाडकन दार लावलं. नंतर खिडकीशी गेले, तोवर रिक्षा वळली होती. रडले. रागानेच.

२६ फेब्रुवारी

चाक बसलंय. टायर पार रिमला टेकलाय.

साबणाचं पाणी लावलं. व्हॉल्व्हच्या बुडाशी तेच बुडबुडे, तिथेच. बुजलं कधी नव्हतंच! म्हणजे रोज मी उठायच्या आधी हा — त्या खांद्याने —

पंप दाराआडच होता.

फोन लावला. बदलीचं काही काढलं नाही. "खांदा कसा आहे?" एवढंच विचारलं.